डावा पाय

गाडी विकणाऱ्या माणसाने दोन किल्ल्या दिल्या, आरसी दिलं, फॉर्म 29 आणि 30 वर सह्या केल्या आणि मग म्हणाला, "एकदा स्टार्ट करून बघू?" मला वाटलं, मला दाखवण्यासाठी म्हणतोय. पण त्याने गाडी चालू केली आणि दोन मिनिटं नुसता बाजूला उभा राहिला. मग बंद केली आणि किल्ली परत माझ्या हातात दिली. त्याला मुलगी झाली होती, घरात कार येणार होती, आणि पार्किंग एकच होतं.

रॉयल एनफिल्डची इंटरसेप्टर 650, 2019 चं मॉडेल, चौदा हजार किलोमीटर चाललेली. व्यवहार दोन लाख दहा हजारांना ठरला. त्याआधीची दहा वर्षं मी एकच गाडी चालवली होती: अण्णांची 2006 ची स्प्लेंडर. अठरा पूर्ण झाल्यावर लायसन्स काढलं, त्याआधी काय चालवलं ते बोलायला नको. कॉलेज, कॅम्पस, पहिली नोकरी, हिंजवडीचा ट्रॅफिक, सगळं त्याच गाडीवर झालं. इंटरसेप्टर आल्यावर स्प्लेंडर गावी परत पाठवली.

कागदावरचा फरक सगळे सांगतात. 97 सीसीच्या जागी 648, आठ हॉर्सपॉवरच्या जागी सत्तेचाळीस. त्या आकड्यांची भीती मला वाटलीच नव्हती. अॅक्सिलरेटर हळू पिळला की गाडी हळूच जाते. अडचण वेगळीच निघाली.

पहिली अडचण वजन. स्प्लेंडर साधारण एकशे दहा किलोची, कलली तर एका पायावर तोलता येते. इंटरसेप्टर दोनशेच्या वर. ती एका ठरावीक कोनापर्यंत तुमचं ऐकते आणि त्यापुढे अजिबात ऐकत नाही. चौथ्याच दिवशी सोसायटीच्या पार्किंगमध्ये हँडल पूर्ण वळवलेलं असताना मी पुढचा ब्रेक दाबला. वेग जवळजवळ शून्य. गाडी सावकाश आडवी झाली आणि मी बाजूला उभा राहून बघत राहिलो. वॉचमन काका धावत आले. दोघांनी मिळून उचलली. ते म्हणाले, "साहेब, छोटी घ्यायची होती." त्या दिवसापासून एक नियम केला: हँडल वळलेलं असेल तर पुढच्या ब्रेकला हात लावायचा नाही, मागचा वापरायचा.

दुसरी अडचण वेगाची. स्प्लेंडरवर मी स्पीडोमीटर फारसा बघायचोच नाही. साठला फुटरेस्ट थरथरायचे, सत्तरला आरशातली माणसं पुसट व्हायची. तीच माझी मोजपट्टी. एका सिलिंडरच्या इंजिनात क्रँकच्या दोन फेऱ्यांत एकच स्फोट होतो. उरलेला वेळ इंजिन त्या एका धक्क्यावर काढतं. ट्विनमध्ये दोन पिस्टन शेजारी शेजारी असतात. या इंजिनाचा क्रँक 270 अंशांचा आहे. एक पिस्टन वरच्या टोकाला थांबतो तेव्हा दुसरा मधल्या टप्प्यात जोरात धावत असतो, त्यामुळे दोघे एकाच क्षणी थांबत नाहीत. स्फोटही समान अंतराने होत नाहीत. एकानंतर दुसरा 270 अंशांवर, मग पुढचा 450 अंशांनी. म्हणून आवाज लंगडीसारखा, टक-टक आणि मग जरा थांबून पुन्हा टक-टक. विकणारा माणूस दोन मिनिटं तेच ऐकत होता, हे मला नंतर कळलं.

पण साठला हे इंजिन जेमतेम जागं झालेलं असतं. थरथर नाही, तक्रार नाही. पहिल्या दोन आठवड्यांत तीन स्पीडब्रेकर मी उडत पार केले, कारण माझ्या तळपायांच्या हिशेबाने मी चाळीसला होतो.

तिसरी अडचण गिअरची. खरं तर मला हीच सांगायची आहे.

स्प्लेंडरचे चारही गिअर खाली. पुढून दाबत जायचं: एक, दोन, तीन, चार. कमी करायचा तर टाचेने मागची बाजू दाबायची. इंटरसेप्टरला पहिला खाली आणि उरलेले पाच वर. म्हणजे वेग वाढवायचा तर पायाची बोटं लिव्हरखाली घालून उचलायची. मागे टाचेसाठी काही नाहीच. जे दाबणं माझ्या पायासाठी दहा वर्षं 'पुढे चल' होतं, तेच इथे 'मागे फिर' होतं.

मी याला नीट प्रोजेक्टसारखं घेतलं. रविवारी सकाळी सहाला हिंजवडी फेज 3 च्या मोकळ्या रस्त्यावर हेल्मेटच्या आत मोठ्याने "वर, वर, वर" म्हणत फिरलो. महिन्याभरात जमलं. दोन महिन्यांत तर एकही चूक नाही. मी टीममधल्या पोरांना सांगितलंसुद्धा की मसल मेमरी वगैरे फार मोठी गोष्ट नाही, ओव्हरराइट होते.

2023 च्या डिसेंबरात गाडी घेऊन पहिल्यांदा गावी निघालो. शिरवळला चहा घेतला. खंबाटकी घाटात तिसऱ्या गिअरला होतो, साठच्या आसपास, वळण संपता संपता. डावीकडे उसाच्या मोळ्या भरलेला ट्रक. त्याला ओलांडत होतो, मागून एक कार हॉर्न देत चिकटली होती. ट्रक थोडासा माझ्याकडे सरकला. मला पुढे निघायचं होतं. क्लच दाबला आणि पायाने सांगितलेलं काम केलं. त्याने गिअर खाली दाबला.

दुसरा पडला. इंजिन किंचाळलं, मी पुढे टाकीवर झुकलो. गाडीला स्लिप-असिस्ट क्लच आहे. चाक इंजिनाला उलटं ओढायला लागलं की तो थोडा घसरू देतो. म्हणून मागचं चाक लॉक झालं नाही, इतकंच. आणि मी काय केलं? काहीतरी चुकलंय एवढं कळलं, म्हणून क्लच पुन्हा दाबून धरला. चढावर, ट्रकच्या मागच्या चाकाशेजारी, इंजिनाचा जोर नसलेली दोनशे किलोंची गाडी. मागच्या कारचा ब्रेक ऐकू आला. उसाची पानं हेल्मेटवर घासली. ट्रक पुढे गेला, कार शिवी देऊन गेली. मी कडेला थांबलो. हात ठीक होते. डावा पाय मात्र बराच वेळ थरथरत होता.

दोन महिने शिकवलेलं कुठे गेलं? कुठे गेलं नव्हतं, शांतपणे चालवताना ते होतंच. पण घाबरलेल्या क्षणी पायाने मला विचारलंच नाही, तो सरळ अण्णांच्या गाडीवर जाऊन बसला. ऑफिसात याला आम्ही फॉलबॅक म्हणतो. तिथे तो मुद्दाम लिहितात.

सुरूर फाट्यावरून वाईकडे वळलो आणि घरापर्यंत चाळीसने गेलो.

अण्णांनी गाडीभोवती एक फेरी मारली. "किती देते?"

"पंचवीस."

ते काही बोलले नाहीत. आईने "एवढ्यात फ्लॅटचं..." इतकं म्हणून वाक्य सोडून दिलं. ते वाक्य मला पूर्ण ऐकू आलं.

घाटातलं सांगणार नव्हतो. पण रात्री ओट्यावर बसल्यावर सांगितलं, आईला ऐकू जाणार नाही असं. अण्णा चिडतील वाटलं होतं. ते म्हणाले, "चेतकवरनं स्प्लेंडरवर आलो तेव्हा महिनाभर डावं मनगट पिळत होतो. चेतकला गिअर हातात ना. एकदा डेअरीच्या उतारावर म्हैस आडवी आली. मी मूठ पिळतोय, पिळतोय, आणि गाडी आपली तशीच."

"मग?"

"मग काय. म्हशीला धडकलो." थोड्या वेळाने म्हणाले, "म्हशीला काय झालं नाही."

हे त्यांनी सतरा वर्षांत कुणाला सांगितलं नव्हतं. तेव्हा गुडघा फुटला होता, तो शेतात पडून, असं आम्हाला माहीत होतं.

त्यांनी इंटरसेप्टरवर बसून बघितलं. दुखऱ्या गुडघ्यामुळे पाय टाकायला वेळ लागला. चप्पल काढून लिव्हरवर अंगठा ठेवला, मागे टाच टेकवायला गेले, तिथे काहीच नव्हतं. "खाली एकच?" त्यांनी विचारलं. मी हो म्हणालो. अंगठा लिव्हरखाली घालून त्यांनी दोनदा उचलून बघितला आणि उतरले.

सकाळी आईने दूध आणायला पाठवलं, तेव्हा मी स्प्लेंडर काढली. एका किकमध्ये चालू. इतकी हलकी वाटली की गल्लीच्या पहिल्या वळणावर जास्तच कलली. पहिला पडला. दुसऱ्यासाठी माझा पाय लिव्हरखाली गेला आणि त्याने उचललं. इंजिन मोकळंच ओरडायला लागलं, गाडी न्यूट्रलमध्ये, मी गल्लीच्या मधोमध.

मागून ओट्यावरून अण्णांचा आवाज आला.

"दाब! दाब, खाली!"