गिऱ्हाईक न उरलेला कारखाना

अमेरिकेच्या न्यू जर्सी राज्यात, अटलांटिक सिटीच्या उत्तरेला, लिटल एग इनलेटसमोर किनाऱ्यापासून तीन मैलांच्या आत समुद्र चाळीसेक फूट खोल आहे. तिथे प्रत्येकी ११५० मेगावॉटचे दोन अणुवीजसंच तरंगत राहणार होते. पब्लिक सर्व्हिस इलेक्ट्रिक अँड गॅस या वीज कंपनीचे अधिकारी रिचर्ड एकर्ट यांना १९६९ मध्ये शॉवरखाली अंघोळ करताना ही कल्पना सुचली, असं सांगतात. अंघोळीचं सोडा, पण कल्पनेमागचा हिशेब पक्का होता. अणुभट्टीतल्या उष्णतेपैकी एक तृतीयांशाची वीज होते, उरलेली दोन तृतीयांश पाण्यात किंवा हवेत सोडावी लागते. न्यू जर्सीत माणसांची दाटी, नद्यांचं पाणी तोकडं. डेलावेअर नदीतल्या न्यूबोल्ड बेटावरचा या कंपनीचा दुसरा प्रकल्पही, आसपासची वस्ती दाट म्हणून, १९७३ मध्ये अणुऊर्जा आयोगाच्या आक्षेपामुळे हलवावा लागला. समुद्रात पाणी अमाप, आणि शेजारी कोणी नाही.

हा प्रकल्प समुद्राच्या भीतीने बुडाला, असा एक समज आहे. मला तो पटत नाही. वेस्टिंगहाउस आणि टेनेको यांनी १९७२ मध्ये ऑफशोअर पॉवर सिस्टिम्स ही कंपनी काढली. तिच्या आराखड्यात प्रत्येक संच सुमारे चारशे फूट लांब-रुंद, दीड लाख टनांच्या तराफ्यावर बसवलेला होता. तराफ्यांभोवती लाटा अडवणारा बांध आणि त्यावर ‘डोलोस’ नावाचे काँक्रीटचे ठोकळे. मरीन ड्राइव्हच्या कडेला पडलेले टेट्रापॉड आठवा. डोलोस त्यांचाच दक्षिण आफ्रिकी भाऊबंद, पिळलेल्या इंग्रजी ‘एच’सारखा. टोकं एकमेकांत अडकतात आणि लाट फटींतून शिरताना दमते. खरा अवघड प्रश्न वेगळाच होता. जमिनीवर गाभा वितळून खाली गेला, तर माती आणि खडक किरणोत्सर्गाची वाट निदान अडवून धरतात. तराफ्याखाली थेट पाणी. नियामक आयोगाने हा मुद्दा नीट तपासला आणि भट्टीखाली मॅग्नेशियम ऑक्साइडचा जाड थर घालायला लावला, वितळलेला गाभा काही काळ तरी झेलणारी ती एक प्रकारची परात. मला हा उपाय परिपूर्ण वाटत नाही, पण आक्षेपाला अभियांत्रिकी उत्तर मिळालं होतं, हे नाकारता येत नाही.

उत्तर नव्हतं ते गिऱ्हाइकाच्या प्रश्नाला. या योजनेचा प्राण समुद्रात नव्हता, फ्लोरिडात जॅक्सनव्हिलजवळच्या ब्लाउंट बेटावरच्या कारखान्यात होता. प्रत्येक अणुवीज केंद्र जागेवर नव्याने बांधायचं, दर वेळी नवा नकाशा आणि नवे गवंडी, यात पैसा आणि वेळ जातो. त्याऐवजी एकच नमुना जहाजासारखा कारखान्यात बांधावा, ओढून न्यावा आणि ठरल्या जागी बांधून ठेवावा. हे सगळं परवडतं ते ऑर्डरची रांग लागली तरच. १९७३ पर्यंत अमेरिकेत विजेची मागणी वर्षाला सुमारे सात टक्क्यांनी वाढत होती, म्हणजे दहा वर्षांत दुप्पट. त्या आलेखावर पट्टी ठेवून रेघ पुढे ओढली, की रांग आपोआप दिसायची. त्या शरद ऋतूत तेलाचा भडका उडाला आणि १९७४ मध्ये मागणी जवळजवळ जागच्या जागी थांबली. टेनेको १९७५ मध्ये बाहेर पडली. जॅक्सनव्हिलच्याच वीज प्राधिकरणाचा दोन संच घेण्याचा विचार बारगळला. चार संच मागवणाऱ्या न्यू जर्सीच्या कंपनीने आधी तारखा पुढे ढकलल्या आणि डिसेंबर १९७८ मध्ये सौदाच रद्द केला.

यावर कोणी म्हणेल, परवान्याला उशीर झाला नसता तर? उशीर झाला, आणि तो महागात पडला, हे खरं. पण दोन वर्षं लवकर परवाना मिळून तरी काय झालं असतं? नको असलेली वीज लवकर तयार झाली असती. किनाऱ्यावरच्या विरोधकांचंही वजन होतं, तरी कंपनीने कारण दिलं ते घटलेल्या मागणीचं. थ्री माइल आयलंडकडे बोट दाखवणाऱ्यांनी तारीख पाहावी: तो अपघात मार्च १९७९ चा, सौदा मोडल्यानंतरचा. शिवाय कारखान्याच्या गणितातच एक भोक होतं, त्याबद्दल फारसं बोललं जात नाही. तराफा साच्यातून निघेल, पण बांध आणि समुद्रतळाखालून किनाऱ्याला आणायच्या केबल प्रत्येक ठिकाणी नव्यानेच कराव्या लागणार. एकसारखेपणा बांधाशी संपत होता.

रशियाने हे करून दाखवलं, असा दाखला हल्ली दिला जातो. ‘अकादेमिक लोमोनोसोव’ २०१९ च्या अखेरीपासून आर्क्टिकमधल्या पेवेक बंदरातून वीज देतं आहे, पण दोन भट्ट्या मिळून ७० मेगावॉट, तेही मुख्य ग्रिडपासून तुटलेल्या गावाला. तरंगणं जमतं, एवढं त्यातून सिद्ध होतं. २००७ मध्ये काम सुरू होऊन एक जहाज २०१९ मध्ये वीज देऊ लागलं, याला कारखान्याची रांग म्हणत नाहीत. म्हणूनच छोट्या मॉड्युलर अणुभट्ट्या कारखान्यातून स्वस्तात निघतील, असं कोणी सांगितलं की मी आराखड्याआधी ऑर्डरबुक मागतो.

ब्लाउंट बेटाला आठ तरंगते संच बांधण्याचा परवाना अखेर १९८२ मध्ये मिळाला. तेव्हा घ्यायला कोणीच नव्हतं. तराफे जोडण्यासाठी उभारलेली, त्या काळी जगातल्या सर्वांत मोठ्यांपैकी एक असलेली गॅन्ट्री क्रेन काही वर्षं तशीच उभी राहिली. मग सुटी करून चीनला विकली.