सिनेट बिल १७५

१८ डिसेंबर २०२०, कोलंबस
ओहायोत मंजूर झालं. मूळ बिल चर्च आणि धर्मादाय संस्थांना दाव्यांपासून वाचवणारं. काल रात्री प्रतिनिधिगृहात दुरुस्ती जोडली, आज सिनेटनं होकार दिला. स्वसंरक्षणासाठी गोळी झाडण्याआधी मागे सरायचं बंधन स्वतःच्या घरात, गाडीत २००८ पासूनच नाही. आता जिथे असायचा हक्क आहे, तिथे कुठेच नसेल.

१९ डिसेंबर
पोरगा साडेअकराला पिझ्झे पोचवून आला. अंधारात घरांचे नंबर दिसत नाहीत म्हणाला.
१९९२ मध्ये लुइझियानात सोळा वर्षांचा जपानी विद्यार्थी पार्टीला निघाला आणि चुकीच्या दारात गेला. घरमालकानं गोळी घातली. ज्युरीनं मालकाला निर्दोष सोडलं.
हे पोराला सांगितलं नाही.

२० डिसेंबर
अण्णांना सांगलीला फोन. वकिली सोडली तरी कलमं तोंडपाठ. "९९ बघ. पोलिसांकडे जायला सवड असेल तर खासगी बचावाचा हक्क नाही. आणि गरजेपेक्षा जास्त इजा करायची नाही." रात्री घरफोडी करणाऱ्याचा जीव घ्यायची मुभा आपल्या दंड संहितेतही आहे, कलम १०३. मग रस्त्यावर? "रस्त्यावर आधी बाजूला व्हावं गं माणसानं."

२३ डिसेंबर
काल मध्यरात्रीनंतर आमच्याच शहरात पोलिसानं आंद्रे हिल यांना गोळी घातली. गॅरेजमध्ये होते. हातात मोबाइल. ४७ वर्षांचे. काळे.
हे प्रकरण पोलिसांचं, या बिलाचं नव्हे. पण कुणाची भीती खरी धरायची, हा प्रश्न तोच.

२७ डिसेंबर
शेजारच्या बाई एकट्या राहतात, पिस्तूल बाळगतात. गुडघे गेलेत. "मी कुठे पळू?" म्हणाल्या. बरोबर आहे त्यांचं. पण सुखरूप निसटता येत नसेल तर पळा, असं जुना कायदाही म्हणत नव्हता. हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. बराच वेळ बोललो, दोघी मास्क लावून, कुंपणाशी.

४ जानेवारी २०२१
गव्हर्नर डिवाइन यांनी सही केली. २०१९ मध्ये डेटनला गोळीबारात नऊ जण गेले, तेव्हा लोक याच माणसाला ओरडून सांगत होते, काहीतरी करा. नकाराधिकार वापरतील असं वाटलं होतं.
भाजी करपली. ह्यांनी मुकाट्यानं जेवून घेतलं.

५ जानेवारी
मजकूर नीट वाचला. मागे सरता आलं असतं का, याचा विचार ज्युरीनं करायचाच नाही. शिवाय स्वसंरक्षण नव्हतं हे सिद्ध करायचं काम २०१९ पासून सरकारी वकिलावर. समोरचा मेलेला. सांगणार कोण?

६ एप्रिल
कायदा आजपासून लागू.
पोरगा काम सोडत नाही, फी भरायची आहे. पत्ता सापडला नाही तर दार वाजवू नकोस, गाडीतूनच फोन कर, एवढं कबूल करून घेतलं.
आमदाराच्या कचेरीला पत्र पाठवलं: मागे सरता आलं असतं का, हा एक प्रश्न ज्युरीला परत विचारू द्या. उद्या फोनही करते.