अडकली, तर जागा कळते!

आम्हा पोटविकारतज्ज्ञांमध्ये एक वाक्य वर्षानुवर्षं फिरत आलंय. ‘कॅप्सूल अडकली तर अडकली, जागा तरी कळली!’ नव्यानं शिकायला आलेल्या डॉक्टरांना मीही ते मोठ्या तोऱ्यात ऐकवायचो. आता ते सरसकट सगळ्या पेशंटांना लावायला माझी जीभ रेटत नाही.

ज्यांनी ही कॅप्सूल पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. गॅब्रिएल इदान या इस्रायली अभियंत्याची ही कल्पना. 2000 साली ‘नेचर’मध्ये तिच्यावरचा लेख आला आणि 2001 मध्ये अमेरिकेत परवानगी मिळाली. 26 मिलिमीटर लांब, 11 मिलिमीटर जाड. आत कॅमेरा, दिवे आणि बॅटरी. घोटभर पाण्याबरोबर गिळायची, कमरेला रेकॉर्डर बांधायचा आणि घरी जायचं. लहान आतड्याचा मोठा भाग असा आहे की नेहमीची दुर्बीण तिथे वरूनही पोचत नाही, खालूनही नाही. ही गोळी तो सगळा पट्टा बघते आणि हजारो फोटो काढते. मात्र तिला सुकाणू नाही. आतडं ढकलेल तशी ती पुढे जाते, आणि वाट अरुंद असली की थांबते. दोन आठवड्यांत बाहेर पडली नाही, किंवा ती काढायला औषध, दुर्बीण नाहीतर ऑपरेशन करावं लागलं, की ती ‘अडकली’ असं आम्ही म्हणतो.

ते वाक्य काही उगाच रुळलं नव्हतं. निरोगी आतड्यात कॅप्सूल सहसा अडकत नाही. अडकते ती आधीच आकसलेल्या जागी, आणि ती जागा काही कॅप्सूलनं तयार केलेली नसते. तिथे गाठ असते, क्रोन्स हा आतड्याच्या सुजेचा आजार असतो, टीबी असतो, किंवा जुन्या रेडिएशनचा व्रण असतो. कधी वर्षानुवर्षं घेतलेल्या गुडघेदुखीच्या गोळ्यांनी आतड्यात पातळ पडदे तयार केलेले असतात, आणि ते सीटी स्कॅनलाही चकवतात. शिवाय अडकलेली कॅप्सूल बहुतेकांना काही त्रास देत नाही. रक्त कुठून जातंय ते कशातच सापडत नसलेल्या पेशंटचं पोट उघडल्यावर सर्जन आतडं बोटांमधून सरकवत येतो, एका जागी टणक काहीतरी हाताला लागतं, आणि तिथून दोन बोटं पुढे गाठ निघते. हे ज्यानं एकदा पाहिलं, तो ते वाक्य म्हणणारच.

माझं मत हललं ते इचलकरंजीच्या एका यंत्रमाग कामगारामुळे. खरं तर त्याच्या बायकोमुळे. तिशीतला माणूस. जेवल्यावर पोटात मुरडा, वजन उतरलेलं, हिमोग्लोबिन कमी. सीटी जवळजवळ नॉर्मल. त्यामुळे कॅप्सूल दिली. फोटोंत व्रण दिसले, मग एका चिंचोळ्या तोंडापाशी तेच ते फोटो बॅटरी संपेपर्यंत. दोन आठवड्यांनी एक्स-रे काढला, तर ती उजवीकडे खाली पांढरीशुभ्र बसलेली. पेशंट मजेत, जेवत-खात होता. खालून बलून एंडोस्कोपी केली, पण दुर्बीण तिथवर पोचली नाही. ऑपरेशन झालं, आतड्याचा तुकडा काढला, कॅप्सूल निघाली. रिपोर्ट आला टीबीचा. एकेटी, म्हणजे टीबीची औषधं, सुरू केली.

पहिल्या फॉलोअपला मी नेहमीचं वाक्य जरा सौम्य करून म्हटलं, “वहिनी, एका अर्थी बरं झालं, निदान तरी पक्कं झालं.” ती शांतपणे म्हणाली, “डॉक्टर, गोळ्या तर आता पण सहा महिने घ्यायच्याच हाएत. मग पोट फाडायचं कशापायी?”

ती आतड्यातली वाट नुसत्या औषधानं उघडली असती का? टीबीत सुजेमुळे आकसलेला भाग औषधांनी बऱ्याचदा सैल पडतो. व्रण भरून तंतुमय झालेला मात्र तसाच राहतो, आणि बाहेरून हे दोन ओळखणं अवघड. हे तिला मी सांगितलं. पण तिचा मुद्दा माझ्याच वाक्याच्या वर्मावर होता. गाठ असेल तर ऑपरेशन आज ना उद्या होणारच असतं. कॅप्सूलनं फक्त पत्ता दिला. टीबी आणि क्रोन्समध्ये मात्र पहिला उपचार औषधांचा. तिथे अडकलेली कॅप्सूल पत्ता देता देता ऑपरेशनची घाईही करून टाकते. एकच वाक्य आम्ही दोन्हीकडे वापरत होतो.

आकडेही तेच सांगतात. रक्तस्राव शोधायला दिलेल्या कॅप्सूल शंभरात एक-दोन अडकतात. क्रोन्सचं निदान आधीच झालेल्यांत 2006 च्या एका अमेरिकी अभ्यासात हे प्रमाण तेरा टक्के होतं. नंतरच्या एकत्रित विश्लेषणांत ते साधारण पाच ते आठ टक्क्यांवर आलं. म्हणजे जिथे ऑपरेशन टाळता येण्याजोगं असतं, तिथेच ती जास्त अडकते.

परदेशी पुस्तकं अशा वेळी म्हणतात: सूज असेल, पेशंटला त्रास नसेल, तर स्टेरॉइड द्या आणि थांबा, वाट मोकळी होऊन कॅप्सूल निघून जाईल. आपल्याकडे इतकं सोपं नाही. क्रोन्स आणि टीबी दिसायला जवळजवळ सारखे, आणि टीबी असताना नुसतं स्टेरॉइड दिलं तर तो उसळतो. थांबायचं तर कोणत्या औषधावर थांबायचं, हेच ठरत नाही.

म्हणून पोटात मुरडा, जेवल्यावर फुगणं, उतरलेलं वजन, वर्षानुवर्षांच्या वेदनाशामक गोळ्या यातलं काही असलं, की मी आता आधी एमआर एंटेरोग्राफी, म्हणजे आतड्याचा एमआरआय, मागतो. पेटन्सी कॅप्सूल मिळाली तर ती आधी देतो. आकार तोच, पण लॅक्टोजची. अडकली तर सुमारे तीस तासांनी विरघळायला लागते. रंगीत तालीमच म्हणा. तिलाही मर्यादा आहेत. क्वचित तीही पोट दुखवते. आणि आणखी एक गोष्ट प्रत्येकाला बजावतो: कॅप्सूल बाहेर पडल्याची खात्री होईपर्यंत एमआरआय नाही. आपल्याकडे ती शौचातून पडलेली बहुतेकांना दिसतच नाही, त्यामुळे शंका असेल तिथे एक्स-रे काढतो.

माझा ज्युनिअर यावर कुरकुरतो. “सर, सगळ्यांना आधी एमआर केलं तर खर्च वाढतो, आणि रक्त जाणारा पेशंट ताटकळत बसतो.” त्याचं चूक नाही. शौचाला काळी होणाऱ्या, मुरडा वगैरे काही नसलेल्या पासष्टीच्या बाईला मी आजही थेट कॅप्सूल देतो, आणि तिच्या बाबतीत ते जुनं वाक्य मनातल्या मनात म्हणतोही. आमचा वाद उरतो तो मधल्या पेशंटांचा: थोडं दुखतं, थोडं वजन उतरलंय, एमआर नॉर्मल, पेटन्सी कॅप्सूल मिळत नाही.

त्यांच्या संमतीपत्रावर छापील मजकुराखाली मी हातानं दोन ओळी लिहितो. एक, अडकली आणि त्रास नसेल तर औषधावर थांबायला तयार आहे. दुसरी, लगेच ऑपरेशनला तयार आहे. खूण कुठे करायची ते पेशंटनं घरच्यांशी बोलून, कॅप्सूल गिळण्याआधी ठरवायचं. ज्युनिअरच्या मते यामुळे माणसं नुसती घाबरतात. काही घाबरतात, आणि दोन दिवसांनी येतो म्हणून निघून जातात.