बघून काढलं, की मनानं?

गावातली मुलं माझ्या टेबलाभोवती जमली की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : "हे बघून काढलं, की मनानं?" मराठी शाळेत चित्रकलेच्या तासाला बसलेल्या प्रत्येकाला हा प्रश्न ठाऊक आहे. बघून काढलं की मान जरा कमी, मनानं काढलं की शाबासकी. मी गेली अनेक वर्षं फक्त मनानं काढतो. समोर काही ठेवत नाही, आधी कच्चं रेखाटन करत नाही, खोडरबर वापरत नाही. जाड हातकागद, टाक आणि काळी शाई, एवढंच सामान. तरीही मुलांच्या प्रश्नाचं सरळ उत्तर मला देता येत नाही, आणि हा लेख त्या उत्तरासाठीच आहे.

पुण्यात विश्रांतवाडीजवळ एक कळस आहे; आमचं ते नव्हे. आमचं कळस इंदापूर तालुक्यातलं, पर्जन्यछायेतलं. पाणी पोचलंय तिथं ऊस, नाही तिथं कुसळी गवताचा माळ. शेजारच्या कडबनवाडीच्या माळावर चिंकारा दिसतात, लांडगाही दिसतो. भिगवणकडे गेलं की उजनीचं पाणी आणि हिवाळ्यात त्यावर रोहित पक्षी. लोक पक्ष्यांचे फोटो काढायला लांबून येतात. मला मात्र चित्र काढायला शिकवलं ते पायाखालच्या काळ्या रानानं.

चैत्र-वैशाखात हे रान भेगाळतं. काळ्या मातीतली चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की आकसते. आकसायला जागा नसते, म्हणून ती फाटते. काही भेगांत मनगटापर्यंत हात जातो. तीन उन्हाळे मी बांधावर बसून या भेगा बघून काढल्या. चौथ्या वर्षी, पावसाळ्यात घरात बसलो असताना, तेच रान मनानं काढायला घेतलं. कागद भरला, पण बघताक्षणी कळलं की हे रान नाही. बराच वेळ चूक सापडेना. मग सापडली : माझ्या भेगा एकमेकींना ओलांडून पुढं जात होत्या, रस्ते चौकात ओलांडतात तशा. रानात नवी भेग जुनीला ओलांडत नाही. तिच्यापाशी येते आणि थांबते.

थांबते तीही जवळजवळ काटकोनात. याचं कारण सुंदर आहे. भेग पडली की तिच्या दोन्ही काठांवरचा, तिला आडवा असलेला ताण सुटून जातो. काठाच्या लांबीनं असलेला ताण तेवढा उरतो. नवी भेग जवळ आली की त्या उरलेल्या ताणाप्रमाणे वळते आणि जुनीला काटकोनात येऊन मिळते. तीच माती पुन्हा पुन्हा भिजत-वाळत राहिली, की हे सांधे हळूहळू सरकतात आणि तीन भेगा साधारण 120 अंशांनी एका बिंदूत मिळू लागतात. लाव्हा थंड होताना हेच घडतं. अंधेरीच्या गिल्बर्ट हिलचे उभे बहुकोनी खांब म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी तडकलेला दगड. आमच्या रानातली माती मूळची त्याच दख्खनच्या काळ्या दगडाची. माती तडकते आणि दगड तडकतो तो एकाच हिशेबानं, हे समजलं त्या रात्री मला झोप आली नाही.

तेव्हापासून मी भेगांचा आकार काढत नाही, भेगेचा नियम पाळतो. पहिली रेघ हात नेईल तशी. दुसरी कुठूनही निघावी, पण पहिलीला भेटली की थांबावी. तिसरीनं या दोघींकडे बघावं. एवढंच. पूर्ण कागद कसा दिसेल याचा विचार करायचा नाही. जवळची रेघ काय म्हणते तेवढं ऐकायचं. चार-पाच तासांनी कागदावर जे रान उभं राहतं, ते कुठल्याच गट नंबरात सापडणार नाही, पण शेतकऱ्याला ते ओळखू येतं. एका म्हातारबांनी कागदावर बोट ठेवून विचारलं होतं, "हितं पाणी कधी दिलं होतं?" माझ्या कामाला याहून मोठी पावती मिळालेली नाही.

डाळिंबानं मला दुसरा नियम दिला. आमच्या भागात भगव्या डाळिंबाच्या बागा आहेत. फळ फोडून दाण्यांकडे नीट बघा : एकही दाणा गोल नसतो. ग्रहांच्या गतीचे नियम सांगणाऱ्या केप्लरनं 1611 मध्ये हिमकणाच्या सहा कोनांवर एक छोटी पुस्तिका लिहिली. हिमकणाचं कोडं सोडवता सोडवता तो डाळिंबापाशी येऊन थांबला. दाणे लहान असतात तेव्हा गोल असतात, वाढताना बंद सालीत एकमेकांवर दाबले जातात आणि त्यांना सपाट बाजू पडतात, असं त्याचं म्हणणं. कोन दाण्यात नसतो, दाटीत असतो. मी कागदावर गोल काढत जातो, दुसरा गोल पहिल्याला टेकला की दोघांमधली रेघ सरळ होऊ देतो. पाच बाजूंची, सहा, सात बाजूंची घरं आपोआप तयार होतात. मी मोजत नाही, शेजारचं घर ठरवतं.

हे सगळं मी आजीच्या गोधडीत आधीच पाहिलं होतं, पण तेव्हा कळलं नव्हतं. कडेनं धावदोरा सुरू होतो, पुढची ओळ मागच्या ओळीच्या बोटभर आत, आणि असं फिरत फिरत मध्यापर्यंत. आजीनं कधी खडूनं आखून घेतलं नाही. जुन्या लुगड्याचा तुकडा जाड आला की टाका वळायचा, त्यामागच्या सगळ्या ओळी वळायच्या. शाळेत संकल्पचित्राला मी अशीच वळणारी नक्षी काढली, तेव्हा एका शिक्षकांनी शेरा मारला होता की आकृतीची पुनरावृत्ती अचूक नाही. मला तो शेरा आजही चुकीचा वाटतो. अचूक पुनरावृत्ती छापाची असते. जिवंत गोष्ट नियम तोच ठेवते आणि दर वेळी वेगळी येते.

वारली चित्रकार जिव्या सोमा मशे (1934–2018) यांचं मासे धरायच्या जाळ्याचं चित्र ज्यांनी पाहिलं असेल त्यांना हे वेगळं सांगायला नको. बारीक पांढऱ्या रेघांनी विणत नेलेलं अवाढव्य जाळं, आणि त्याच्या कडेला इवलासा माणूस. वारली चित्रं लग्नघरात स्त्रिया काढत. मशे यांनी ती रोजचं काम म्हणून हाती घेतली. 2011 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. चित्रकार वासुदेव गायतोंडे यांची गोष्ट निराळी. 1984 मध्ये त्यांना अपघात झाला; त्यानंतर काही वर्षं मोठे कॅनव्हास त्यांना झेपेनात, तेव्हा त्यांनी कागदावर शाईनं रेखाटनं केली. अक्षरं वाटावीत पण वाचता येऊ नयेत अशा त्या खुणा. त्यांच्या रंगीत कॅनव्हासांबद्दल खूप बोललं जातं. मी मात्र ती शाईची पानं वर ठेवतो, कारण तिथं हात उघडा दिसतो.

हिवाळ्यात आमच्याकडे भोरड्या येतात. ज्वारीच्या राखणीला बसणाऱ्याला त्या नकोशा असतात, आणि त्याचं खरंच आहे. पण सूर्य कलताना त्यांचा थवा आभाळात वळतो, आवळतो, पसरतो, तेव्हा गोफण खाली राहते. भोरडीच्या युरोपातल्या भावंडाच्या थव्यांचा रोममध्ये अभ्यास झाला आणि 2008 मध्ये त्याचा निष्कर्ष आला : प्रत्येक पक्षी जवळच्या सहा-सात पक्ष्यांकडेच लक्ष ठेवतो, मग ते किती का अंतरावर असेनात. थव्याला पुढारी नसतो, नकाशा नसतो. मी हे वाचलं तेव्हा टाक खाली ठेवला. इतकी वर्षं कागदावर जे करत होतो, ते आभाळात चाललं होतं.

तेव्हा मुलांनो, उत्तर असं : मनानं काढलं, पण मन रानात बसून आलं होतं.

आणि मोठ्यांना एक विनंती. या दिवाळीत घरात डाळिंब येईल. मुलांच्या हाती ते फोडून द्या, दाणे नीट बघू द्या, मग खाऊ द्या. ताटली रिकामी झाली की एक कागद आणि शाईचं पेन द्या. खोडरबर देऊ नका, आणि काय काढायचं ते सांगू नका.