हार्वेस्टरच्या उजेडात

जानेवारी. शिरोळ तालुक्यातला ऊस.

दिवस मावळला की आम्ही फोटोवाले सामान आवरतो; फड मात्र थांबत नाही. गळीत हंगामात कारखाना रात्रंदिवस चालतो, म्हणून हार्वेस्टरही दिवे लावून फिरतो. ऊस बुडख्याशी कापायचा, आतल्या आत कांड्या करायच्या, पाचट पंख्याने उडवायचं आणि कांड्या शेजारच्या ट्रॉलीत टाकायच्या, सगळं एका दमात.

हे टिपायला मी आयएसओ ३२०० वर नेतो आणि लेन्स एफ २ पर्यंत उघडतो. शटर १/६० ठेवला की उभा माणूस स्थिर येतो, उडत्या पाचटाच्या रेघा होतात. धुळीत ऑटोफोकस भरकटतो, म्हणून ट्रॉलीच्या कडेवर हातानेच फोकस लावतो. दिवा धुळीच्या मागे असला की धूळ पेटल्यासारखी दिसते.

पलीकडच्या फडात अजून कोयतेच आहेत. बीडकडून आलेली जोडपी फटफटायच्या आत तोडीला लागतात. मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रॉलीत चढणारी बाई उजळत्या आभाळापुढे काळी आकृती होते. फोटो देखणा येतो, पण त्यात तिचा चेहराच नसतो. मी एक्स्पोजर वाढवतो. आभाळ पांढरंफटक पडलं तरी चालेल, चेहरा दिसला पाहिजे.

रात्री फडात जाणार असाल तर हार्वेस्टरच्या चालकाला आधी सांगा, त्याच्या डोळ्यांवर फ्लॅश मारू नका, आणि तोडणाऱ्यांना विचारल्याशिवाय कॅमेरा उचलू नका.