विड्यातली तंबाखू

आमचे वडील बंधू अण्णा यांस जेवताना भाकरीचा घास अडू लागला, तेव्हा घरात कोणासही त्यात चिंता करण्यासारखे काही वाटले नाही. चिंचवडगावात आमचे एकत्र कुटुंब. रोज पंक्तीला नऊ-दहा पाने. वहिनींनी तुपाची धार वाढविली, आम्ही पित्ताचे निदान केले. सारा जन्म संस्कृत शिकविल्यामुळे वैद्यकातील दोन-चार श्लोक आमच्या जिभेवर होते. तेवढ्या भांडवलावर चार महिने आम्ही अण्णांस चूर्णे चारली. भाकरी सुटली, मग पोळी, मग मऊ भात. पेजही उतरेना तेव्हा पुण्यास नेले. दुर्बिणीची नळी आत घालून तुकडा काढला, तपासला. अन्ननलिकेचा कर्करोग. सात महिन्यांत अण्णा गेले.

ही नलिका सुमारे 25 सेंटिमीटर लांब, स्नायूंची आणि लवचीक. आत गाठ वाढत असताही ती ताणून अन्नास वाट देत राहते. पुष्कळ अरुंद झाल्यावरच घास अडतो. म्हणजे भाकरी अडली तो दिवसच मुळी उशिराचा होता. त्यावर चार महिने आम्ही घालविले, ही गोष्ट आजही जेवताना आठवते.

अण्णांनी बिडी कधी ओढली नाही. मद्य तर घराच्या उंबऱ्याआत आले नाही. दुपारच्या विड्यात मात्र चिमूटभर तंबाखू असे, तशी आमच्याही. बिडी हे व्यसन आणि विडा हा शिष्टाचार, अशी सोयीची वाटणी आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आली होती.

अण्णांचा मुलगा चाकणला मोटारींचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यात आहे. वडील गेल्यानंतर त्याने कोठून कोठून जुने निबंध छापून आणले व आमच्यापुढे ठेवले. त्यांतून डॉ. वसंत रामजी खानोलकर (1895–1978) यांचा परिचय घडला. परळचे टाटा रुग्णालय 1941 साली उघडले. तेथे हे रोगनिदानशास्त्रज्ञ. मुंबईतील मुखकर्करोगाच्या ओळीने 1,000 रुग्णांचा आढावा त्यांनी 1944 साली प्रसिद्ध केला. दुसऱ्या वर्षी त्यांनी व सूर्याबाई यांनी चालीरीतींमुळे होणारे तीन कर्करोग वर्णिले. जळते टोक तोंडात धरून चुट्टा ओढणाऱ्यांच्या टाळूस होणारा एक, ओठामागे खैनी धरणाऱ्यांचा दुसरा, आणि धोतर कमरेशी घट्ट कसल्याने तेथील कातडीस होणारा तिसरा. हा तिसरा वाचून आमचा हात नकळत कमरेकडे गेला, हे कबूल करतो!

पुढे 1955 साली संघवी, राव व खानोलकर यांनी तंबाखू ओढणे व चघळणे यांचा अन्नमार्गाच्या वरच्या भागातील कर्करोगाशी असलेला संबंध ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये मांडला. रुग्णांस व इतरांस त्यांच्या सवयी विचारावयाच्या आणि दोन्ही आकडे शेजारी ठेवावयाचे, एवढी साधी रीत. आमच्या विड्याची चौकशी आमच्या जन्माआधीच होऊन गेली होती. आम्ही मात्र चरक-सुश्रुतांवर विसंबून राहिलो. सुपारीचा तरी आधार उरेल म्हणावे, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगसंस्थेने 2004 साली तीही कर्ककारक ठरविली. कढत चहादेखील संशयितांत आहे: 65 अंशांवरचे पेय 2016 साली त्या यादीत गेले. तेव्हापासून बशीतून चहा पिण्याबद्दल सूनबाई आम्हांस हसत नाहीत.

निबंध वाचून झाल्यावर पुतण्याच्या खिशातून पुडी डोकावताना दिसली. गुटख्यावर राज्यात 2012 साली बंदी आली, पण रात्रपाळीस जागण्यासाठी तंबाखू-चुना मळणारे हात चाकणला थोडे नाहीत. “टाक ती,” आम्ही म्हणालो. तो काही बोलला नाही. आमच्या पानाच्या डब्याकडे पाहत राहिला. डबा आम्ही त्याच संध्याकाळी रिकामा केला. दुपारी हात अजून तिकडे जातो. त्याची पुडी पुरती सुटलेली नाही. रात्रपाळी असली की घेतो, असे त्याने आम्हांस खरे सांगितले.

गेल्या महिन्यात भाकरी खाताना त्यास जोराचा ठसका लागला. वहिनींचा हात तुपाच्या भांड्याकडे गेला. आम्ही पानावरून उठलो, त्यास घेतले आणि थेट डॉक्टरांकडे गेलो. तो नुसता ठसकाच निघाला.