गेटपासून पोर्चपर्यंत

परभणीत आमचं घर ज्या लेआउटमध्ये आहे, तिथे पूर्वी कापूस व्हायचा. जमीन एनए झाली, प्लॉट पडले, घरं उभी राहिली, पण खालची माती तीच राहिली. जुन्या गावांची वस्ती पांढरीवर असे आणि काळी पिकासाठी ठेवलेली असे. आता शहर पसरतं ते काळीतच पसरतं, म्हणून भिंतींचे तडे, न लागणारी दारं आणि उचकलेल्या फरशा हे आमच्या भागात घरोघरचं दुखणं आहे.

घर आम्ही तयार घेतलं. गेटपासून पोर्चपर्यंत चाळीस फूट लांब आणि बारा फूट रुंद अशी पेव्हर ब्लॉकची वाट होती आणि घेताना ती छान दिसत होती. दोन-तीन पावसाळ्यांत तिचं रूप पालटलं. गाडीची चाकं जातात तिथे दोन पन्हळी पडल्या, जास्वंदीच्या वाफ्याकडची कड फुगून वर आली आणि पोर्चच्या पायरीशी कायमचं डबकं साचू लागलं. गेटच्या खांबांचंही तसंच. पावसाळ्यात कडी एका भोकात बसायची, उन्हाळ्यात तीच बोटभर खाली यायची. एवढं चाललं असतं. पण आई वॉकर घेऊन चालते, आणि शेवाळलेल्या, वरखाली झालेल्या ब्लॉकांवरून तिला गेटपर्यंत येणं जमेना. संध्याकाळी गेटशी उभं राहून येणाऱ्या-जाणाऱ्याशी दोन शब्द बोलणं हा तिच्या दिवसाचा मोठा भाग होता, आणि तो बंद पडला. ही वाट नीट झालीच पाहिजे, असं माझ्या मनाने तेव्हा घेतलं.

ज्याला विचारावं तो एकच उपाय सांगे : ब्लॉक काढा, खाली भरपूर वाळू टाका, पाणी जिरून जाईल. एका ठेकेदाराने तर कडेने शोषखड्डे घ्यायचा हिशेबही मांडला. ‘पाणी अडवा, पाणी जिरवा’ ऐकत आपण सगळे वाढलो, त्यामुळे हे कानाला बरोबरच वाटतं. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीने घरोघर शोषखड्डे करून उघडी गटारं मिटवली, हे आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. पण घरातलं सांडपाणी दिवसभर थोडं थोडं येतं. पाऊस तसा येत नाही. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. हजार चौरस फुटांच्या गच्चीवर ५० मिलिमीटर पडला की साडेचार हजार लिटरच्या वर पाणी होतं, आणि तेवढा पाऊस आमच्याकडे कधीकधी एका दुपारीत पडून जातो. आमच्या गच्चीचा पाइप ते सगळं पाणी वाटेच्या कोपऱ्यावरच सोडत होता.

शेजारचे काका पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले शाखा अभियंता. जायकवाडीच्या डाव्या कालव्यावर त्यांची बरीच नोकरी गेली. तो कालवा पैठणपासून २०८ किलोमीटर येतो आणि वाटेत भरपूर काळी जमीन लागते. काका म्हणाले, “ताई, वाळू टाकायच्या आधी माती काय म्हणते ते बघू.” त्यांनी वाफ्यालगतची माती दोन फुटांखालून काढली, वाळवली, बारीक चाळणीतून चाळली. काचेच्या दोन मोजपात्रांत दहा-दहा ग्रॅम घातली. एकात पाणी ओतलं, दुसऱ्यात रॉकेल. रॉकेलने माती फुगत नाही, पाण्याने फुगते. एक दिवस तसंच ठेवून दोन्हींतला फरक बघायचा. भारतीय मानकातलीच ही चाचणी आहे, नुसती घरच्या ओट्यावर केलेली. दुसऱ्या दिवशी रॉकेलातली माती दहाच्या खुणेच्या आसपास होती आणि पाण्यातली विशीच्या पुढे गेली होती. म्हणजे फुगवटा शंभर टक्क्यांच्या वर. मला आकड्यापेक्षा ते दृश्य पटलं. तीच माती, तेवढीच माती, आणि उंची दुप्पट.

कारण मातीच्या कणांतच आहे. दख्खनचा बेसॉल्ट झिजून झालेल्या या मातीत माँटमोरिलोनाइट नावाचं खनिज भरपूर असतं. त्याचे थर एकमेकांना सैल धरून असतात, पाणी त्या थरांच्या मध्ये शिरतं आणि त्यांना दूर सारतं. ऊन लागलं की पाणी निघून जातं, थर जवळ येतात, जमिनीला भेगा पडतात. मे महिन्यात आमच्या मागच्या मोकळ्या जागेत अख्खा हात आत जाईल अशी भेग असते. पहिल्या पावसात त्या भेगांतून पाणी सरसर खाली जातं आणि बघणाऱ्याला वाटतं, किती छान जिरतंय. मग माती फुगते, भेगा मिटतात आणि पुढचं पाणी जवळजवळ जागीच थांबतं. अशा मातीत चर खणून वाळू भरली की त्याची परात होते : वरचं पाणी वाळूतून खाली येतं, खाली चिकणमाती त्याला अडवते आणि पाणी दिवसेंदिवस ब्लॉकखालीच बसून राहतं. आमच्या ब्लॉकखाली नेमकं हेच निघालं. पावसाळा संपून बरेच दिवस झाले होते, तरी खालची कच पिळावी इतकी ओली होती.

काकांचं सांगणं थोडक्यात असं, की काळ्या मातीला पाण्याचा त्रास नाही, कमीजास्त पाण्याचा आहे. सगळीकडे सारखी ओल राहिली तर ती स्वस्थ बसते. वाफ्याला रोज पाणी घातलं म्हणून एक कड फुगते, पलीकडे कडुनिंब ओल ओढून घेतो म्हणून दुसरी कड बसते, पाइपचा कोपरा चिंब होतो आणि मधला भाग झाकलेला असल्याने वर्षभर जसाच्या तसा राहतो. मग वाट सपाट राहील कशी? तेव्हा पाणी वरच्या वर वाहून न्यायचं, मातीपर्यंत पोचू द्यायचं नाही, आणि जे पोचेल ते कुठे जाईल हे आधी ठरवायचं.

मी उन्हाळ्यात काम काढणार होते, मजूरही तेव्हा मोकळे असतात. काकांनी अडवलं. भेगाळलेली माती दाबून वर वाट केली, की पावसाळ्यात ती खालून उचलणारच. पेरणीला वापसा बघतात तसाच इथेही बघायचा. दिवाळी होऊन गेल्यावर, ओल बेताची असताना आम्ही ब्लॉक उचलले.

सगळ्यात अवघड प्रश्न उताराचा निघाला. चाळीस फुटांना पन्नासास एक ढाळ द्यायचा तर गेटशी वाट साडेनऊ इंच खाली हवी. पण आमच्या गल्लीतला रस्ता जुना न उकरता त्याच्यावरच पुन्हा काँक्रीट टाकून उंच झालेला, आता तो आमच्या गेटपेक्षा वर आहे. शहरात कितीतरी घरं अशी हळूहळू खड्ड्यात गेली आहेत आणि याचा मला मनापासून राग येतो, कारण घरमालक काहीही करो, रस्त्याचं पाणी त्याच्या अंगणात येणारच. गवंडीमामांनी पारदर्शक नळीत पाणी भरून गेट, पोर्च, रस्ता आणि बाहेरची नाली अशा सगळ्या पातळ्या घेतल्या. रस्ता वर होता, पण नालीचा तळ आमच्या गेटच्या बराच खाली होता. त्यावर सगळं ठरलं. ढाळ लांबीने न देता रुंदीने दिला, बारा फुटांत साडेतीन इंच, घरापासून दूर, कंपाउंडच्या भिंतीकडे. भिंतीच्या कडेने सिमेंटची उघडी पन्हळ केली, तिला नालीकडे शंभरास एक उतार दिला. गेटच्या आत आडवा चर घेऊन लोखंडी जाळी बसवली, म्हणजे रस्त्यावरून येणारं पाणी तिथेच पकडलं जातं. पन्हळ उघडी ठेवली, कारण बंद पाइपात कडुनिंबाचा पाला अडकला तर कळायला पुढचं डबकं साचावं लागतं.

मग खालचं काम. दीड फूट काळी माती काढून टाकली, ती एका शेतकऱ्याने ट्रॉली लावून आनंदाने नेली. तळाची सहा इंच माती मोकळी करून तिच्यात विरलेला चुना मिसळला, मातीच्या वजनाच्या साधारण पाच टक्के. चुन्याने हाताला, डोळ्यांना भाजतं, म्हणून हातमोजे आणि चष्मा दिल्याशिवाय मी कुणाला फावडं धरू दिलं नाही. रात्रभर झाकून ठेवलेली ती चिकट माती सकाळी रवाळ झाली होती, फावड्याला चिकटेना. चुन्यातलं कॅल्शियम त्या थरांना पुन्हा जवळ बांधतं. त्यावर मुरूम, सहा-सहा इंचांचे थर, प्रत्येक थरावर बेताचं पाणी आणि कॉम्पॅक्टर. कोपऱ्यांत मशीन पोचेना तिथे मामांनी धुम्मस चालवली.

मुरूम कुठलाही चालत नाही, हे मला तिथे कळलं. किंचित चिकटपणा असलेला, पण न फुगणारा हवा. काका म्हणाले, कालव्यांच्या अस्तरीकरणातही हेच करतात. काळ्या जमिनीतली अस्तरं उचलून फुटायची. आयआयटी मुंबईचे प्राध्यापक आर. के. कट्टी यांनी अशा न फुगणाऱ्या, पण चिकट मातीचा जाड थर मध्ये घालायची रीत बसवली, आणि कालव्यात तो थर चांगला मीटरभरही असतो. आमच्या वाटेला तेवढा लागत नव्हता. वरून एक चारचाकी आणि एक वॉकर जाणार.

मुरुमावर इंच-सव्वा इंच वाळूची गादी आणि त्यावर जुनेच ब्लॉक. फुटलेले तेवढे बदलले. दोन्ही कडांना काँक्रीटचा पट्टा ओतला आणि वाफ्याच्या बाजूने जाड प्लास्टिक अडीच फूट खोल उभं सोडलं, म्हणजे आडून ओल येणार नाही. जास्वंद मागे हलवली. कडुनिंब तोडा, असं दोघांनी सुचवलं. मी ऐकलं नाही. त्या सावलीसाठीच आई बाहेर येते.

गच्चीचं पाणी मात्र नालीत सोडायला जीव होईना. एप्रिलमध्ये टँकर मागवणाऱ्या गावात साडेचार हजार लिटर पाणी गटारात घालणं मला पटत नाही. म्हणून पाइप मागच्या अंगणातल्या बोअरकडे वळवला, मध्ये खडी-वाळूची गाळणी आणि पहिल्या पावसाचं घाण पाणी बाहेर सोडायला एक झाकण. पाणी जिरवायचं तर ते या मातीच्या खाली, तडे गेलेल्या खडकात गेलं पाहिजे, आणि बोअर तिथपर्यंत पोचलेला असतो.

मृगाच्या पहिल्या जोरदार सरीत मी छत्री घेऊन बाहेरच उभी होते. पाणी वाट ओलांडून पन्हळीत जात होतं आणि पायरीशी थेंब थांबला नाही. त्यानंतरच्या उन्हाळ्यात कडुनिंबाकडची एक पट्टी अर्धा इंच बसली. तेवढेच ब्लॉक उचलून खाली वाळू सारखी केली, अर्ध्या दिवसाचं काम. अख्खं काँक्रीट ओतलं असतं तर तिथे तडा गेला असता आणि तो कधीच मिटला नसता. गेटची कडी अजूनही जराशी सरकते, कारण खांबाचा पाया जुनाच आहे. पण आई रोज गेटपर्यंत येते.

आता कोपऱ्यावरच्या घरात हेच काम निघालंय. त्यांच्याकडे मे महिन्यात लग्न आहे आणि त्याआधी वाट नवी हवी आहे. मी आणि काका जाऊन बसलो, पातळ्या घेतल्या. सध्या गच्चीचा पाइप वळवायचा, घराभोवती तीन फुटांचं प्लिंथ प्रोटेक्शन, म्हणजे पायालगतचा पक्का पट्टा, करायचं, पन्हळ नालीला जोडायची आणि लग्नापुरते जुने ब्लॉक सारखे करून घ्यायचे, एवढं ठरलंय. खोदकाम दिवाळीनंतर, वापसा बघून.